बँकॉकहून काय आणलंस?

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवलेले.)



संयोजकांनी मला विषय दिला आहे 'माझा परदेश प्रवास'. या विषयावर बोलायला आपल्या बॅचमध्ये माझ्यापेक्षा अधिकारी माणसं आहेत. कुणी लेकीच्या बाळंतपणाला सहा महिने अमेरिकेत राहून आलं, कुणाचा मुलगा जर्मनीत आहे. मी आयुष्यात एकदाच देश सोडला, तोही पाच दिवस, आणि गेलो कुठे, तर बँकॉकला. (हशा.) हसा, हसा. कृषी सेवा केंद्रवाला बँकॉकला जाऊन आला म्हटलं की पानटपरीपासून विठ्ठल मंदिरापर्यंत सगळं पिंप्राळं असंच हसतं. परत आल्यावर महिनाभर जो भेटेल तो विचारायचा, "मग, काय आणलंस?" आणि विचारताना एक डोळा बारीक करायचा. आज त्याचं उत्तर देतो. सौभाग्यवती तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, म्हणजे जे सांगेन ते साक्षीदारासमोर.

ज्यांना आमचा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. खता-औषधांच्या कंपन्या दुकानदाराला वर्षाचं टार्गेट देतात. ते पुरं झालं की फिरायला नेतात. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून आम्ही चाळीसेक दुकानदार होतो. पट्टाया झालं, बुद्धाची देवळं झाली, खड्यांच्या दुकानात दोन तास बसवून झालं. बुधवारचा दिवस मोकळा होता. मंडळी मॉलमध्ये निघाली. माझं मात्र आधीच ठरलं होतं. माझ्या दुकानामागे छोटी नर्सरी आहे, आणि तिच्यातली शोभेची बरीच रोपं आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकने येतात. तिथल्या एका नर्सरीवाल्याने मला फार पूर्वी सांगून ठेवलं होतं, "हे अडेनियम तू माझ्याकडून नेतोस ना, त्याचं मूळ रोप बँकॉकचं. कधी गेलास तर बुधवारी चतुचाकला जा." तेवढा वार मी लक्षात ठेवला होता.

माझ्याबरोबर दोघे आले. एक रावेरकडचे आप्पा. दुकान आहेच, पण मूळचे केळीवाले. गळ्यात माळ, वय सत्तरीला टेकलेलं. पाच दिवस त्यांनी घरून आणलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि केळी यांच्यावर काढले. दुसरा शिरपूरचा एक तरुण दुकानदार. मोबाइलवर सगळं शोधून काढणारा, हुशार पोरगा. त्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे त्याचाच विषय आहे.

मेट्रोने कंफेंग फेत स्टेशनावर उतरलो. एका बाजूला शेतमालाचा बाजार आहे, एका बाजूला चतुचाक. चतुचाकचा बाजार शनिवार-रविवारचा म्हणून जगभर प्रसिद्ध आहे. पंधरा हजारांच्या वर दुकानं, कपड्यांपासून कुत्र्याच्या पिल्लांपर्यंत सगळं. पण बुधवार-गुरुवार मात्र झाडांचे. मूळ बाजार १९४२ चा. पुढे तो राजवाड्याजवळच्या सनाम लुआंग मैदानावर भरायचा. तिथे जागा पुरेना म्हणून १९८२ मध्ये तो इकडे, रेल्वेच्या जमिनीवर आणला. आपल्या पिंप्राळ्याच्या लोकांना रेल्वेच्या शेजारी बाजार म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

नावाची गंमत सांगतो. चतुचाक म्हणजे चतुर् आणि चक्र. त्यांच्याकडे बारा वर्षांचं एक चक्र मानतात. राजे भूमिबोल यांना १९७५ मध्ये ४८ वर्षं झाली, म्हणजे चार चक्रं पुरी झाली, म्हणून शेजारच्या उद्यानाला हे नाव मिळालं आणि उद्यानावरून बाजाराला. आपल्याकडे बारा वर्षांचं एक तप. आपल्याला शाळा सोडून किती वर्षं झाली ते मोजा. आपणही सगळे चतुचाकच आहोत. (हशा, टाळ्या.) त्या देशात असं पावलोपावली होतं. विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. बाजाराच्याच भागात त्यांचं मोठं कृषी विद्यापीठ आहे, त्याचं नाव कासेत्सात, म्हणजे क्षेत्रशास्त्र. मला थाई भाषेचं अक्षर कळत नव्हतं, तरी परक्या गावात आल्यासारखं वाटलं नाही.

आता बाजार. तुम्ही नर्सरी बघितली आहे, पण ही नर्सरी नव्हे. दुतर्फा रस्ता, त्यावर गाड्या लागलेल्या आणि फुटपाथवर, रस्त्यावर, दोन दुकानांच्या फटीत, जिथे पाऊल ठेवायला जागा आहे तिथे रोपं. ठोक व्यवहार आदल्या रात्रीपासूनच सुरू होतो. सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा अर्धे गाडीवाले माल विकून झोपले होते, गाडीच्या हौद्यात, झाडांच्या मधोमध. हातगाड्या ढकलणारी पोरं तोंडाने इशारा देत अंगावरून जात होती. आपल्याकडे रोप काळ्या पिशवीत असतं. तिथे सगळं पातळ प्लॅस्टिकच्या कुंडीत, आणि प्रत्येकजण एकाच जातीचा. एकाकडे फक्त अडेनियम, दुसऱ्याकडे फक्त अ‍ॅग्लोनिमा, तांबड्या पानांचा, गुलाबी पानांचा, हिरव्यावर तांबडे शिंतोडे उडवलेला. एका बाईकडे फक्त निवडुंग, बोटाच्या पेराएवढे. ऑर्किडची मुळं तर उघडीच, लाकडाच्या खोक्यातून खाली दाढीसारखी लोंबणारी, मातीचा कणही नाही.

मी धंद्याच्या नजरेने माती बघत होतो. शिरपूरचा पोरगा फुलांचे फोटो काढत होता आणि मी कुंड्यांमध्ये बोट घालून बघत होतो. नारळाच्या काथ्याचे बारीक तुकडे, भाताच्या जळक्या तुसाची काळी भर, आणि एक वाळलेला, चुरा झालेला पाला. तो कशाचा ते कळेना. एका विक्रेत्याने रस्त्यापलीकडच्या मोठ्या झाडाकडे बोट केलं. रेन ट्री! आपल्याकडे रस्त्याकडेला सावलीसाठी लावतात तोच. शिंबीवर्गातलं झाड, त्याचा पाला कुजवून ते कुंडीच्या मातीत घालतात. आपण तो पाला झाडून पेटवून देतो. पुढचं पुढे सांगतो.

एका गाळ्यावर काचेच्या चपट्या बाटल्या आडव्या मांडल्या होत्या. आत पांढुरकी जेली आणि जेलीत इवली इवली हिरवी रोपं. ऑर्किडची ऊतीसंवर्धित रोपं. बाटल्या कशाच्या, तर व्हिस्कीच्या, धुऊन, निर्जंतुक करून परत वापरलेल्या. म्हणजे बँकॉकमध्ये मी चपटी बघितली ही अफवा खरी आहे. (हशा.) या बाटल्या लक्षात ठेवा.

आप्पांना या शोभेच्या झाडांत काडीचा रस नव्हता. ते एकाच ठिकाणी थांबले, तुळशीजवळ. आपलीच तुळस. कफ्राव म्हणतात तिला. जुड्या बांधून भाजीसारखी विकायला. आप्पांनी भक्तिभावाने एक पान घेतलं. तेवढ्यात पोराने सांगितलं, "आप्पा, ही चिकनमध्ये घालतात." आप्पांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. समोरच्या शेतमालाच्या बाजारात त्यांना बरं वाटलं, कारण तिथे केळी होती, आणि किती प्रकारची! आपल्या तावडी बोलीत केळीला केयी म्हणतात, तिकडे म्हणतात क्लुअय. कानाला जवळचं वाटतं. क्लुअय हॉम, क्लुअय नामवा, आणि बोटभर लांबीची, पिवळीजर्द, साखरेसारखी गोड क्लुअय खाय. आप्पांनी पाच-सहा खाल्ली. खाय म्हणजे अंडं, हे मी त्यांना जळगाव स्टेशनवर उतरल्यावर सांगितलं.

आपण केळीवाले जिल्ह्याचे. पण केळीचं माहेर हाच पट्टा, आग्नेय आशिया आणि न्यू गिनी. तिथल्या रानात अजून बियांनी भरलेली रानकेळी आहेत. ती माणसाने हजारो वर्षांत निवडत निवडत बिनबियांची केली. सर, तुम्हाला आठवतंय का माहीत नाही, आठवीत तुम्ही शाळेच्या आवारात पडलेली केळ आम्हाला उभी चिरायला लावली होती. पापुद्र्यावर पापुद्रे, आत काहीच नाही. तुम्ही म्हणालात, "हे खोड नाही, ही पानांची गुंडाळी. खरं खोड जमिनीत आहे, कंद. तो दिसत नाही म्हणून लोक त्याला विसरतात." परीक्षेत तो प्रश्न आला नाही. चतुचाकला आला.

दुपार कलताना एका गाळ्यावर आम्हाला ती केळ दिसली. कुंडीत, कमरेएवढी. पानं हिरवी-पांढरी, शिरेबरोबर ओढलेले पट्टे, जणू कुणी चुन्यात फणी बुडवून फिरवली. काही पट्टे फिकट हिरवे, काही शुभ्र. माणसं थांबून फोटो काढत होती.

आप्पा दोन पावलं मागे सरकले. म्हणाले, "अरे भो, हे तं हरण्या लागेल केय आहे! हे इकत घेतीन लोक?"

बाहेरगावी स्थायिक झालेल्यांसाठी सांगतो. हरण्या म्हणजे सीएमव्ही, कुकुंबर मोझॅक विषाणू. केळीच्या पानावर पिवळट पट्टे पडतात, पान आखूड होतं, पोगा सडतो, झाड उभं राहून वाया जातं. मावा कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. औषध नाही. मी औषधं विकणारा माणूस सांगतोय, औषध नाही. २०२० च्या पावसाळ्यात रावेर-यावलकडे तो पसरला तेव्हा लोकांनी लावलेल्या बागा उपटल्या. आप्पांनी स्वतःची साडेतीन हजार झाडं, दोन महिन्यांची, मजूर लावून उपटली आणि खड्ड्यात पुरली. पंधरा-सोळा रुपयांचं एक रोप, वर ठिबक, खत, मजुरी. ते सांगायचे, रोज सकाळी बागेत जाऊन पानं उलटून बघायची, आणि पट्टा दिसला की पोटात गोळा यायचा. तो पट्टा बघायला जगातली माणसं पैसे मोजतात, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं.

मी त्यांना समजावलं की हा रोग नाही, ही जात आहे, जन्मतःच पानाच्या काही भागात हरितद्रव्य नसतं. म्हणूनच ती सावकाश वाढते, म्हणूनच महाग. पण खरं सांगू, समजावताना मलाही वाटत होतं, नुसत्या डोळ्याने फरक कोण सांगणार? पट्टा जातीचा की विषाणूचा, हे प्रयोगशाळेत कळतं. बाजारात गाळेवाल्याच्या तोंडून कळत नाही.

आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात हिशोबही सुरू झाला होता. नर्सरीवाल्याचं डोकं ते. किंमत आठशे बाथ, म्हणजे आपले एकोणीसशे-दोन हजार. जळगावात असं झाड कुणाकडे नाही. एका झाडाला वर्षात चार-पाच पिलं. बंगलेवाले, हॉटेलवाले, लग्नाच्या मंडपाचे डेकोरेशनवाले. माझा गुणाकार चालू असतानाच शिरपूरच्या पोराने पैसे काढून रोप घेतलंसुद्धा. म्हणाला, "कुंडी काढायची, माती झटकायची, पानं कापायची, कंद ओल्या टॉवेलात गुंडाळून बॅगेत. कोण बघतं हो भाऊ?"

परतीच्या मेट्रोत आप्पा एक शब्द बोलले नाहीत. रात्री हॉटेलच्या खोलीत वादाला तोंड फुटलं.

पोराचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, हे मी इथे कबूल करतो. तो म्हणाला, "आप्पा, तुमची जी-नाईन कुठली आहे? ती काय रावेरला उगवली?" बरोबर आहे. आपली लहान असतानाची केळी म्हणजे बसराई आणि श्रीमंती. ग्रँड नैन, जिला आपण जी-नाईन म्हणतो, ती नव्वदच्या दशकात इस्राएलमधून आपल्या जळगावात आली, जैन इरिगेशनने आणली. नाव फ्रेंच, अर्थ 'मोठी बुटकी'. तिच्यामुळे आज आपला माल दुबईला जातो. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. पोरगा पुढे म्हणाला, "मिरची बाहेरची, भुईमूग बाहेरचा, मका बाहेरचा. बाहेरचं आणलं नसतं तर खान्देशात तुम्ही शेव-भाजी कशात केली असती?" शेव-भाजीवर आप्पाही निरुत्तर झाले.

मग मी बोललो. बाटल्या आठवतात का, म्हटलं. जी-नाईन आली ती त्या वाटेने. प्रयोगशाळेत वाढवलेली, मातीचा कण नसलेली रोपं, कागदपत्रांसह, दाराने आली. बाहेरचं आणण्याला कुणाचीच ना नाही. प्रश्न आहे तो दाराने आणायचं की भिंतीवरून. कोविडने क्वारंटाईन हा शब्द आपल्याला शिकवला, पण झाडांसाठी या देशात १९१४ पासून कायदा आहे, आणि आता २००३ चा आदेश चालतो. लावायचं रोप आणायचं तर आधी आयात परवाना, त्या देशाच्या कृषी खात्याचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र, ठरलेल्याच बंदरावर किंवा विमानतळावर उतरवायचं, तिथे तपासणी, आणि गरज पडली तर काही महिने वेगळं लावून नजर ठेवायची. कटकट आहे. पण ती कटकट कशासाठी आहे ते बघा.

पनामा मर नावाचा रोग आहे. बुरशीचा, जमिनीतून मुळांत शिरणारा. शंभर वर्षांपूर्वी जगाच्या बाजारात ग्रॉस मिशेल नावाचं केळं चालायचं. मध्य अमेरिकेत या मर रोगाने बागाच्या बागा गेल्या, आणि १९६० च्या आसपास ती जात व्यापारातून जवळजवळ उठली. तिच्या जागी कॅव्हेंडिश गटाची केळी आली, कारण त्यांना तो रोग होत नव्हता. आपली बसराई आणि जी-नाईन त्याच गटातल्या. मग त्याच बुरशीचा नवा प्रकार आला, टीआर-फोर, जो कॅव्हेंडिशलाच धरतो. आग्नेय आशियातून तो निघाला. थायलंडच्या शेजारच्या लाओस, म्यानमार, व्हिएतनाममध्ये आढळला. २०१९ मध्ये कोलंबियात सापडला तेव्हा तिथल्या सरकारने आणीबाणी पुकारली. आणि आपल्या देशात तो बिहारमधल्या कटिहारकडे आणि उत्तर प्रदेशात येऊन पोहोचला आहे. बागेत एकदा शिरला की बुरशी मातीत वर्षानुवर्षं, दशकंसुद्धा राहते. फवारणी नाही, आळवणी नाही. आणि केळ बियांपासून येत नाही, पिलांपासून येते. एका जातीची सगळी झाडं एकाच झाडाच्या नकला. एकाला जे मारतं ते सगळ्यांना मारतं.

आणि हा रोग जातो कशातून? चिखल लागलेल्या बुटातून, औजारातून, वाहत्या पाण्यातून, आणि सगळ्यात सोपं म्हणजे कंदातून. पोरगा म्हणाला, "पण झाड तर ठणठणीत दिसतंय." सर, तेव्हा मला तुमची चिरलेली केळ आठवली. म्हटलं, तू बघतोयस ती पानांची गुंडाळी. खरं खोड खाली आहे, आणि तू नेमकं तेच टॉवेलात गुंडाळून नेणार आहेस.

तो म्हणाला, "एका रोपाने काय होतं?" यावर माझ्याकडे घाणेरीचं उत्तर होतं. आपल्या सातपुड्यात, मोकळ्या रानात माजलेली घाणेरी इंग्रजांनी दोनशे वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी लावली होती, फुलं छान दिसतात म्हणून. जलपर्णीही शोभेचीच, तिचं निळं-जांभळं फूल आवडलं म्हणून आणलेली. आज तिने तळी-नद्या भरल्या आहेत आणि ती काढायला नगरपालिकांना दरवर्षी पैसे मोजावे लागतात. ज्याने पहिलं रोप आणलं त्याचाही विचार हाच असणार, एका रोपाने काय होतं.

पण माझ्या भाषणाने काही झालं नाही. मला भाषणं जमत नाहीत, तुम्ही बघताच आहात. झालं ते आप्पांमुळे. इतका वेळ ते पलंगाच्या कडेला बसून ऐकत होते. उठले, पाकिटातून बाथच्या नोटा काढल्या, मोजल्या आणि पोराच्या हातात ठेवल्या. "हे घे तुझे आठशे. आता हे झाड माझं झालं. मी काय करायचं ते करीन."

पोरगा ओशाळला. "आप्पा, पैसे राहू द्या."

"नाही. फुकट घेतलं तं तू मले उद्या बोलशीन. इकत घेतलं म्हणजे माझं झालं." मग जरा थांबून म्हणाले, "मी साडेतीन हजार पुरली रे बाबा. मले परत खड्डा खंदायचा नाही."

खोलीत त्यानंतर कुणी बोललं नाही. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. सकाळी निघायच्या आधी हॉटेलच्या अंगणात झाडलोट करणारी एक बाई होती, साधारण आप्पांच्याच वयाची. आप्पांनी कुंडी नेऊन तिच्या पायाशी ठेवली आणि हात जोडले. भाषा दोघांची दोघांना. तिला वाटलं कुंडी हलवायची आहे, तिने ती उचलून भिंतीकडेला ठेवली. मग आप्पांनी खुणेने सांगितलं, तुला. तिने दोन्ही हात जोडून वाकून नमस्कार केला, तिकडे करतात तसा. आप्पा बसमध्ये येऊन बसले आणि म्हणाले, "आठशे बाथ म्हणजे किती रे?" पोराने सांगितलं. "दोन हजार!" म्हणाले. "एवढ्यात तं सव्वाशे रोपं येतात." (हशा.)

तो पोरगा आज माझा चांगला मित्र आहे. या वर्षी त्याने शिरपूरजवळ दोन एकर कांदेबाग लावली, प्रमाणित ऊतीसंवर्धित रोपांची. बागेच्या फाटकाजवळ त्याने चुन्याच्या निवळीचा उथळ हौद केला आहे, पाय बुडवून आत यायचं. कुणी सांगितलं नव्हतं. मी गेलो तर मलाही त्यात उभं केलं, नवे बूट होते.

तर काय आणलं? एक म्हणजे तो पाला. पाला नव्हे, पाल्याची युक्ती. पाला आपल्याकडे फुकट पडलेला आहे. स्टेशन रोडला, जुन्या बंगल्यांपुढे रेन ट्री आहेत. गेल्या उन्हाळ्यात मी पोती भरून आणला, शेणकाल्याबरोबर सहा महिने कुजवला. अडेनियमला आणि ऑफिसांत ठेवतात त्या कुंड्यांना मातीच्या जागी अर्धा तो घालतो. पाणी धरून ठेवतो आणि चिखलही होत नाही. काथ्याचे तुकडे मात्र जमले नाहीत. आपल्या मे महिन्यात ते इतके वाळतात की पाणी वरून वाहून जातं. तिकडची हवा दमट, आपली जळगावची हवा म्हणजे तंदूर. प्रत्येक गोष्ट आपल्याकडे चालत नाही.

दुसरी आणली ती एक गोष्ट. बाजारात एक रांग फक्त चाफ्याची होती. देवळापुढे असतो तो, पांढरा, पिवळा, लाल, केशरी. तोही मूळचा मेक्सिकोकडचा, पण कुठल्या देवळाला आता ते सांगून पटेल? थायलंडमध्ये त्याचं जुनं नाव होतं लान्थोम. ते नाव त्यांच्या भाषेतल्या दुःख या शब्दाच्या जवळ जातं, म्हणून लोक तो घरापुढे लावत नसत, देवळात नाहीतर स्मशानाकडे. मग कुणीतरी नाव बदललं, आणि आता तो घरोघरी, हॉटेलांच्या दारांत आहे. नवं नाव काय, तर लीलावदी. लीलावती! गणिताच्या बाई समोर आहेत, त्यांना सांगायला नको. भास्कराचार्यांची लीलावती ११५० च्या सुमाराची, आणि त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला त्याचा शिलालेख आपल्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. मी त्या गाळ्यापुढे उभा राहून मोबाइलवर ते नाव वाचत होतो आणि मला नववीचा गणिताचा तास आठवत होता. बाई, त्रैराशिक अजून येत नाही.

चाफ्याची काडी मी बँकॉकहून आणली नाही, हे वेगळं सांगायला नको. पण आपल्या शाळेच्या मागच्या भिंतीलगतचा जुना चाफा मेमध्ये छाटला गेला. हेडमास्तरांना विचारून मी त्या फांद्या नेल्या, आठवडाभर सावलीत ठेवून चीक वाळू दिला आणि रेन ट्रीच्या मिश्रणात लावल्या. साठ लावल्या, एकावन्न जगल्या. आपण आज सत्तेचाळीस आलो आहोत, आणि व्यासपीठावर चौघं. निघताना फाटकाजवळच्या टेबलावरून आपापली घेऊन जा. ज्यांना पुण्या-मुंबईला न्यायची आहे त्यांनी पिशवीला खाली छिद्रं आहेत हे लक्षात ठेवा, नाहीतर गाडीतली सीट खराब होईल. पहिले पंधरा दिवस पाणी कमी, ऊन भरपूर. पानं गळाली तर मला फोन करू नका, थंडीत ती गळतातच.